बांध नसलेले शिवार

इंग्लंडातील खेडे म्हटले, की इंग्रजी कादंबऱ्यांवर पोसलेल्या आपल्याकडील वाचकाच्या मनश्चक्षूंपुढे जे चित्र उभे राहते त्यात पिवळसर दगडांची बुटकी घरे, भिंतींवर चढलेले गुलाबाचे वेल, कडेने संथ वाहणारा ओढा आणि साऱ्या गावावर नजर ठेवून असलेला चर्चचा मनोरा या गोष्टी ठरलेल्या असतात. आणि कॉट्सवोल्डच्या टेकड्यांतील बायबरी किंवा विल्टशायरमधील कासल कूम या गावांत पाऊल ठेवणाऱ्या प्रवाशास ते चित्र बव्हंशी जसेच्या तसे आढळते, हेही खरे. विल्टशायरमधलेच लेकॉक हे गाव तर १९४४ साली मटिल्डा टॅलबट या त्याच्या मालकीणबाईंनी जुन्या मठासह नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन केले, आणि तेव्हापासून ते इतक्या कसोशीने सांभाळले गेले आहे, की गतकाळाचा देखावा हवा असलेल्या चित्रपटनिर्मात्यांची पावले आपोआप तिकडे वळतात. अशा गावांविषयी प्रस्तुत लेखकाच्या मनात यत्किंचितही आकस नाही. परंतु तेथे जे जतन झाले आहे ते गावाचे रूप आहे. ज्या कारणासाठी माणसांनी त्या ठिकाणी वस्ती केली, जे काम एकत्र येऊन केले, ज्या नियमांनी एकमेकांस बांधून घेतले, ते सारे तेथून केव्हाच निघून गेले असून मागे उरलेल्या सुंदर घरांत ज्यांचा चरितार्थ भोवतालच्या जमिनीवर अवलंबून नाही अशी मंडळी सुखाने नांदत आहेत.

म्हणून ज्यास इंग्लंडचे जुने खेडे खरोखर पाहावयाचे असेल त्याने नॉटिंगहॅमशायर परगण्यात, शेरवूडच्या प्रसिद्ध अरण्याच्या पूर्वेस असलेल्या लॅक्स्टन या लहानशा गावी जावे. पाहण्यासारखे तेथे वरकरणी फारसे नाही. तांबड्या विटांची घरे आणि धान्याची कोठारे एकाच लांब रस्त्याच्या दुतर्फा उभी आहेत. बाराव्या शतकातील एका गढीचा मातीचा उंचवटा गावाच्या उत्तरेस आहे. आणि सेंट मायकेलच्या चर्चमध्ये एव्हरिंगहॅम नावाच्या सरदार घराण्यातील पुरुषांच्या पाषाणमूर्तींबरोबर लाकडात कोरलेली एका स्त्रीची निजलेली मूर्ती आहे. मात्र चाणाक्ष प्रवाशाच्या एक गोष्ट ध्यानात येईल. इंग्लंडात अन्यत्र शेतकऱ्यांची घरे आपापल्या शेतांच्या मधोमध, एकमेकांपासून दूर विखुरलेली दिसतात; लॅक्स्टनमध्ये मात्र शेतकऱ्यांचे वाडे, गोठे आणि कोठारे सारी गावठाणातच, रस्त्याला चिकटून आहेत. शेतकऱ्याने गावातच राहावे हे तेथे स्वाभाविकच ठरते, कारण त्याचे शेत एका जागी नाहीच.

गावाभोवती पश्चिमेचे, दक्षिणेचे आणि गिरणीचे अशी तीन विस्तीर्ण शिवारे आहेत. या शिवारांच्या आत कुंपण नाही, बांध नाही. एका खातेदाराची जमीन दुसऱ्याच्या जमिनीपासून वेगळी करणारी खूण म्हणजे नांगराचे एक खोल तास, एवढीच काय ती. प्रत्येक शेतकऱ्याच्या वाट्यास तिन्ही शिवारांत विखुरलेल्या लांबट पट्ट्या आलेल्या असतात. मध्ययुगात इंग्लंडच्या मध्यभागातील बहुसंख्य गावे अशीच कसली जात. आज अशा शिवारांचे अवशेष डेव्हनमधील ब्रॉन्टन येथे किंवा लिंकनशायरमधील ॲक्सहोमच्या बेटावर सापडतात खरे, परंतु जुनी शिवारे, जुनी फेरपालट आणि त्या दोहोंवर हुकमत चालविणारी जुनी गावसभा या तिन्ही गोष्टी एकत्र आणि चालत्या स्थितीत असलेले गाव म्हणजे लॅक्स्टन. या गावाच्या कहाणीतून आपण जो धडा घ्यावयाचा तो प्राचीनतेच्या कौतुकाचा नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे आणि तेच येथे मांडावयाचे आहे. सामाईक मालमत्ता टिकते ती भावनेने किंवा सरकारी फलकाने टिकत नाही. जे तिचा उपभोग घेतात त्यांच्याच हाती तिची पाहणी करण्याचा आणि कसूर करणाऱ्यास दंड करण्याचा अखत्यार असेल तरच ती टिकते.

गाव जुने आहे, याविषयी शंका घेण्यास जागा नाही. विजेत्या विल्यमने १०८६ साली आपल्या नव्या राज्याची जी प्रचंड जमाबंदी करविली, तीत या गावाची नोंद असून ते जॉफ्री अल्सेलिन नावाच्या नॉर्मन सरदाराकडे असल्याचे म्हटले आहे. पुढे शेरवूडच्या राजअरण्याची निगराणी वंशपरंपरेने ज्यांच्याकडे होती त्या द कॉ व एव्हरिंगहॅम घराण्यांचे ठाणे येथील गढीत होते. परंतु अभ्यासकांना या गावाचे मोल वाटते ते विशेषतः १६३५ सालच्या एका दस्तऐवजामुळे. त्या वर्षी मार्क पियर्स नावाच्या मोजणीदाराने गावाची पट्टीन् पट्टी मोजून, प्रत्येकीचा कसणारा आणि क्षेत्रफळ नमूद करून एक वही सिद्ध केली आणि सोबत एक रंगीत नकाशा काढला, ज्यात नांगरणारे बैल, कापणी करणारी माणसे आणि हरणामागे धावणारे शिकारी हेदेखील त्याने मोठ्या हौसेने रेखाटले आहेत. तो नकाशा आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे, आणि तो हाती घेऊन शिवारात उभे राहिले तर साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या वाटा आणि शिवारांची जुनी घडण अद्यापि ओळखता येते.

ही मोजणी करविणारा गावचा तत्कालीन मालक सर विल्यम कोर्टीन हा लंडनचा धनाढ्य सावकार होता, आणि त्याचे नाव आपल्या किनाऱ्यासही अपरिचित नाही. लॅक्स्टनची मोजणी झाली त्याच १६३५ साली त्याने व त्याच्या भागीदारांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीस न जुमानता पहिल्या चार्ल्सकडून पूर्वेकडील व्यापाराचा परवाना मिळविला. दुसऱ्या वर्षी कोर्टीन मरण पावला. परंतु त्याच्या मंडळीची जहाजे कॅप्टन वेडेलच्या नेतृत्वाखाली १६३६ मध्ये गोव्यास येऊन दाखल झाली आणि पुढे कारवारात त्यांनी वखार घातली. लॅक्स्टनमधल्या एखाद्या कुणब्याने खंडापोटी भरलेल्या पैशाचा अंश त्या जहाजांच्या शिडांत गेला असेल की नाही, हे सांगता येणार नाही. पण ज्या पेढीची नजर गोव्याच्या बंदरावर होती तिच्याच दप्तरात या गावाच्या एकेका पट्टीची नोंद होती, एवढे मात्र निश्चित.

आता या शिवारांचा कारभार कसा चालतो ते पाहू. तीन शिवारांपैकी एकात शरद ऋतूत गव्हाची पेरणी होते. दुसऱ्यात मागील गव्हाच्या जागी वसंतात जव किंवा वाटाण्यासारखे पीक घ्यावयाचे असते. आणि तिसरे पड राहते. पुढील वर्षी पाळी एका घराने सरकते, आणि तीन वर्षांत फेरा पुरा होतो. अलीकडे पडीच्या वर्षी गवत-चारा घेण्याची मुभा गावसभेने दिली आहे, तरी क्रम तोच आहे. एकाने गहू पेरला आणि शेजाऱ्याने त्याच शिवारात पड राखली असे येथे चालावयाचे नाही, कारण पूर्वी पीक निघाले की सारे रान मोकळे होई आणि गावाची गुरे-मेंढरे त्यात एकत्र चरत. ज्याचे पीक मागे राहील त्याचे नुकसान ठरलेलेच. चुकार जनावरांसाठी गावात कोंडवाडा होता, तो आजही दुरुस्त करून ठेवलेला आहे. शिवारांतील ज्या सखल, दलदलीच्या किंवा उताराच्या जागी नांगर चालत नाही त्या ‘साइक’ नावाने गवतासाठी राखलेल्या असतात, त्यांवर कोणा एकाचा ताबा नसतो, आणि शतकानुशतके नांगर न लागल्यामुळे अन्यत्र दुर्मिळ झालेली रानफुले तेथे अजून फुलतात.

जमीन अशा पट्ट्यांत का विभागली गेली, याचा ऊहापोह ऑक्सफर्डचे कृषिअर्थशास्त्रज्ञ सी. एस. ऑर्विन आणि त्यांच्या पत्नी यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द ओपन फील्ड्स’ या ग्रंथात लॅक्स्टनच्याच आधारे केला आहे. पूर्वजांच्या समतावादी तत्त्वज्ञानातून ही व्यवस्था निघाली, हे मत त्यांस मान्य नव्हते. चिकण मातीची जड जमीन, ती फोडण्यास अनेक बैलांचा अवजड नांगर, आणि एवढे बैल एकट्या कुणब्याच्या दावणीला असणे अशक्य. म्हणून आपल्याकडील इर्जिकीप्रमाणे साऱ्यांनी मिळून नांगरट करावयाची, आणि एका दिवसात जेवढे नांगरून होईल तेवढे क्रमाक्रमाने एकेकाच्या वाट्यास जावयाचे. अवजड नांगर वळविणे जिकिरीचे, म्हणून तास लांब. दिवसाचे काम मर्यादित, म्हणून पट्टी अरुंद. त्यातच असे साधले, की सखल आणि उंच, ओली आणि कोरडी, सकस आणि निकस अशा सर्व प्रकारच्या जमिनीचा थोडाथोडा अंश प्रत्येकास मिळाला, आणि एखाद्या वर्षी पावसाने दगा दिला तरी सर्वस्व बुडण्याची पाळी सहसा कोणावर आली नाही.

या साऱ्या यंत्रणेचा कणा म्हणजे ‘कोर्ट लीट’ ही गावसभा. नोव्हेंबर महिना सरत आला, की डझनभर शेतकऱ्यांचे पंचमंडळ, ज्याला तेथे ज्यूरी म्हणतात, त्या वर्षी गहू पेरलेल्या शिवारावर पाहणीस निघते. पट्ट्यांच्या टोकांशी हद्दीचे तास अस्पष्ट झाले असेल तेथे लाकडी खुंट ठोकावयाचा. कोणी सार्वजनिक वाटेत, साइकच्या गवतात किंवा शेजाऱ्याच्या पट्टीत नांगर घातला आहे काय ते पाहावयाचे. आणि आपल्या भाषेत सांगावयाचे तर कोणी बांध कोरला असेल त्याचे नाव टिपून घ्यावयाचे. पाहणी झाली की पंच गावातील डव्हकोट इन या खाणावळीत भोजनास बसतात आणि तेथेच दंडाची रक्कम ठरते. त्यानंतर सुमारे आठवड्याने त्याच ठिकाणी जमीनमालकाच्या कारभाऱ्याच्या अध्यक्षतेखाली कोर्ट भरते, पंचांचा अहवाल सादर होतो, दंड जाहीर होतात, आणि पुढील वर्षाच्या शिवारासाठी नव्या पंचांस शपथ दिली जाते. ज्यांस हजर राहण्याचे बंधन आहे ते गैरहजर राहिले तर त्यांसही नाममात्र दंड असतो. दंडाच्या रकमा एखाद्या मध्यम मिळकतीच्या माणसासही जड वाटू नयेत इतक्या अल्प असतात; परंतु आपल्या शेजाऱ्यांनी, ज्यांच्याशी उद्या सकाळी पुन्हा गाठ पडावयाची आहे त्यांनी, भर सभेत आपले नाव वाचावे, याची जी भीड माणसास वाटते तिच्या मानाने पैशाचा दंड क्षुल्लक होय.

कोणी म्हणेल, हा केवळ हौसेने जपलेला जुना विधी आहे. वस्तुस्थिती तशी नाही. इंग्लंडात अशी मध्ययुगीन जहागिरी न्यायालये अनेक ठिकाणी समारंभापुरती उरली होती. १९७७ साली ब्रिटिश पार्लमेंटने न्यायदानासंबंधीचा एक कायदा करून त्यांचे न्यायाधिकार रद्द केले, तेव्हा लॅक्स्टनचे कोर्ट मात्र जाणूनबुजून वगळले गेले, कारण तेथे शेती खरोखर त्या कोर्टाच्या हुकमाने चालत होती. म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अणुशक्तीच्या युगात, एका आधुनिक राज्याने खेड्यातील शेतकऱ्यांच्या पंचायतीस सनद कायम करून दिली; आणि ती जुनी म्हणून दिली नाही, तिला काम होते म्हणून दिली.

मग बाकीच्या हजारो गावांची अशी शिवारे गेली कोठे? त्याचे उत्तर पार्लमेंटच्याच दप्तरात आहे. १६०४ ते १९१४ या कालखंडात सामाईक शिवारे आणि कुरणे मोडून त्यांची खाजगी, कुंपणबंद शेते करण्यासाठी ५,२०० हून अधिक कायदे संमत झाले, आणि त्यांखाली सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या एकंदर क्षेत्रफळाच्या पाचव्या हिश्श्याहून किंचित अधिक जमीन आली. या कायद्यांनी शेतीचे उत्पन्न वाढले की नाही, याविषयी इतिहासकारांत वाद आहे, आणि तो एकाच बाजूने सोडविणे न्यायाचे होणार नाही; सुधारलेली बियाणी, जनावरांची निवडक पैदास, पाण्याचा निचरा या गोष्टी एका हाताखालच्या सलग जमिनीत सुलभ झाल्या, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु मोजणीचा, वकिलांचा आणि कुंपणाचा खर्च वाटणीच्या प्रमाणात प्रत्येकावर पडला. तो ज्यांस झेपला नाही त्यांनी आपला तुकडा विकला. आणि ज्या गरीब झोपडीवाल्याचा कागदोपत्री हक्क काहीच नव्हता, पण वहिवाटीने ज्याची एक गाय आणि चार बदके सामाईक रानात चरत, त्याची गाय गेली आणि तो मजूर झाला. कवी गोल्डस्मिथचे ओस पडलेल्या गावावरील प्रसिद्ध काव्य १७७० साली प्रकाशित झाले. आणि तत्कालीन नॉर्थॅम्प्टनशायरमधील हेल्पस्टन गावी १७९३ साली जन्मलेला शेतमजूर कवी जॉन क्लेअर याने आपल्या गावावर १८०९ च्या कायद्याने आलेले कुंपण याचि देही याचि डोळा पाहिले, आणि ती जखम त्याच्या काव्यात अखेरपर्यंत वाहत राहिली.

लॅक्स्टन यातून बचावले ते कोणाच्या पुण्याईने नव्हे. तेथील काही जमीन अठराव्या शतकात कुंपणात गेलीच. राहिलेली वाचली, कारण गावची जमीन मुख्यत्वे मॅनव्हर्स आणि स्कारबरो या दोन सरदार घराण्यांत विभागलेली होती आणि त्या दोहोंचे एकमत काही केल्या होईना. मोठ्यांच्या भांडणात लहानांचे कल्याण व्हावे, असा हा विरळा प्रसंग. विसाव्या शतकाच्या आरंभी अर्ल मॅनव्हर्सच्या कारभाऱ्यांनी पट्ट्यांची अदलाबदल करून त्यांची संख्या घटविली आणि रुंदी वाढविली. आज त्यांत ट्रॅक्टर चालू शकतो तो त्यामुळे. व्यवस्था न मोडता ती बदलता येते, याचे हे उदाहरण आहे. जुनेपणाच्या पूजकांनी आणि जुनेपणाच्या वैऱ्यांनीही त्याची नोंद घ्यावी.

या विषयाचा आपल्या प्रांताशी असलेला संबंध इंग्रज विद्वानांनीच प्रथम जोडला. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात १८६२ पासून १८६९ पर्यंत कायदेमंत्री राहिलेल्या सर हेन्री मेन याने स्वदेशी परतल्यावर १८७१ साली पूर्वेकडील व पश्चिमेकडील ग्रामसमाजांची तुलना करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडातून नामशेष होत चाललेली सामाईक शिवारे आणि हिंदुस्थानातील चालता ग्रामसमाज ही एकाच प्राचीन वृक्षाची रोपे आहेत, अशी त्याची धारणा होती. त्या तुलनेतील अतिशयोक्ती पुढील पंडितांनी दाखवून दिली. पण विरोधाभास हा, की ज्या काळी मेन हिंदी खेड्याकडे जिवंत पुरावा म्हणून पाहत होता, त्याच्या कितीतरी आधी, १८३० च्या दशकात, इंदापूर तालुक्यापासून सुरू झालेल्या गोल्डस्मिड-विंगेट मोजणीने दख्खनमधील प्रत्येक नंबर दगडांनी बांधून, त्याचा सारा एकेका खातेदाराच्या नावे सरकारशी परभारे जोडला होता. पाटील-कुलकर्णी राहिले, बलुतेदार राहिले, त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला तेव्हा तो गाडा कुरकुरत का होईना चालत होता. परंतु जमिनीविषयी निवाडा करण्याचा गावाचा अधिकार कचेरीत गेला तो परत आला नाही.

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पाहणीत पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचे सरासरी खाते १७७१ मध्ये सुमारे चाळीस एकरांचे होते, ते त्यांच्या काळी सुमारे सात एकरांवर आले, असे दाखवून दिले. त्यांच्या चिंतेतूनच जी विचारसरणी पुढे आली तिचे फळ म्हणजे १९४७ चा मुंबई प्रांताचा तुकडेबंदी व तुकडेजोड कायदा. विखुरलेले तुकडे म्हणजे अपव्यय, हा त्यातील मुख्य आक्षेप; आणि नेमका तोच आक्षेप कुंपणवाद्यांनी दीडशे वर्षांपूर्वी लॅक्स्टनसारख्या शिवारांवर घेतला होता. दोन्ही ठिकाणी तुकडे होते. फरक असा, की लॅक्स्टनच्या तुकड्यांवर एकच पीकक्रम, एकच चराई आणि एकच पंचायत होती, आणि आपल्या तुकड्यांमध्ये बांध, बांधांवरून भांडण आणि भांडणावरून पिढ्यान्‌पिढ्या चालणारे दिवाणी दावे. आज पिंपळे सौदागरच्या शिवारात उंच इमारती उभ्या आहेत आणि मान यांनी मोजलेले खाते कोणते, हे सांगणारा मिळणे कठीण.

१९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने एका गाजलेल्या निबंधात असे प्रतिपादन केले, की सामाईक कुरणाचा नाश अटळ आहे, कारण प्रत्येक गुराख्यास एक जनावर वाढविण्याचा लाभ एकट्याला मिळतो आणि तोटा मात्र सर्वांत विभागला जातो. तर्क निर्दोष, पण तो ज्या कुरणास लागू पडतो तेथे कोणी कोणाशी बोलत नाही, कोणी मोजत नाही आणि कोणी दंड करीत नाही. एलिनॉर ऑस्ट्रम या विदुषीने जगभरची जंगले, पाटपाणी आणि मासेमारीची ठिकाणे अभ्यासून १९९० साली हे दाखवून दिले, की दीर्घकाळ टिकलेल्या सामाईक मालमत्तांत काही लक्षणे हटकून आढळतात: हद्दी स्पष्ट असतात, नियम स्थानिक असतात, पाहणी उपभोक्तेच करतात, दंड अल्पापासून चढत जातो, तंटा जागच्या जागी आणि स्वस्तात मिटतो, आणि वरचे सरकार या व्यवस्थेस मान्यता देते. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लॅक्स्टनच्या पंचांनी तो ग्रंथ वाचला असण्याचे कारण नाही. परंतु ठोकलेला खुंट, पाळीने बदलणारे पंचमंडळ, चार पैशांचा दंड, डव्हकोटमधील कोर्ट आणि १९७७ च्या कायद्यातील अपवाद यांत त्या सर्व लक्षणांची पूर्तता झालेली दिसते.

एका आक्षेपाची मात्र प्रामाणिकपणे दखल घेतली पाहिजे. लॅक्स्टन हे काही स्वयंभू ग्रामराज्य नव्हे. तेथील बहुतेक शेतकरी जमीनमालकाची कुळे आहेत, कोर्टाचा अध्यक्ष मालकाचा कारभारी असतो, आणि मालकाने मनात आणले असते तर हा डोलारा कधीच कोसळला असता. हे भय कल्पित नाही. १९५२ साली सहाव्या अर्ल मॅनव्हर्सने हे गाव विकावयाचे ठरविले तेव्हा ती व्यवस्था मोडू नये म्हणून शेतकी खात्याने ते विकत घेतले. १९८१ साली ते राजसंपदेच्या व्यवस्थापनाकडे, म्हणजे क्राउन इस्टेटकडे गेले. आणि २०१८ साली त्या संस्थेने ते विक्रीस काढले. ज्या संस्थेचे वैधानिक कर्तव्यच मुळी मालमत्तेचे मूल्य व उत्पन्न वाढविणे हे आहे, तिला तीन वर्षांतून एकदा पड राहणाऱ्या शिवाराचे ओझे वाटावे यात नवल नाही. अखेर २०२० साली शेजारच्या थोर्सबी इस्टेटने, म्हणजे ज्या घराण्याने १९५२ मध्ये गाव विकले त्याच्याच वारसांच्या संस्थेने, ते विकत घेतले. या वेळी निभावले. पण जी गोष्ट राष्ट्राचा ठेवा म्हणून सरकारने घेतली ती उत्पन्न मोजणाऱ्या खात्याकडे सोपविणे हीच मूळ चूक होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि या सात दशकांच्या उलथापालथीत मालक बदलत राहिले तरी गाव डगमगले नाही याचे कारण, नियम मालकाच्या मर्जीत नव्हते, ते कोर्टाच्या वहीत आणि देशाच्या कायद्यात होते.

आपल्याकडील गायरानांचा प्रश्न या प्रकाशात पाहावा. २०११ साली जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा कब्जे हटविण्याचे आदेश सर्व राज्यांस दिले. निकाल योग्यच होता. परंतु त्याची अंमलबजावणी ज्या रीतीने होते ती अशी, की वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही, घरे उभी राहतात, त्यांत पिढ्या वाढतात, आणि मग एके दिवशी कचेरीतून नोटिसा निघतात, ज्यांत धनदांडग्याच्या मंगल कार्यालयास आणि भूमिहीनाच्या झोपडीस एकच मापदंड लागतो. न्याय उशिरा आला की तो क्रूर होतो. बांध एका वितीने कोरला गेला तेव्हाच ज्याचे नाव भर सभेत वाचले जाते त्याचे घर पाडण्याची वेळ पुढे येत नाही.

‘शिवारफेरी’ ही गोष्ट आपल्या सरकारी योजनांत आलेली आहे. जलसंधारणाच्या कामांपूर्वी अशा फेऱ्या निघाल्याही. तिला एका योजनेपुरते न ठेवता ग्रामसभेचे वार्षिक वैधानिक कर्तव्य करावे. गायरान, पाणंद, ओढा आणि गावतळे यांच्या हद्दी दरवर्षी पाळीने निवडलेल्या पंचांनी पायी फिरून तपासाव्यात. त्यांत ज्यांची जनावरे तेथे चरतात ते भूमिहीन आणि स्त्रिया असाव्यात. जागच्या जागी अल्प दंड करण्याचा अधिकार त्यांस असावा, आणि त्यावरील अपील तहसीलदाराकडे जावे. आपल्या गावांत जात आहे, भाऊबंदकी आहे, पक्ष आहेत, म्हणून हे अशक्य, असे म्हणणाऱ्यांनी लॅक्स्टनमध्येही सरंजामदार होते, कुळे होती आणि दोन घराण्यांचे हाडवैर होते, हे विसरू नये. अधिकार देण्यापूर्वी माणसे निर्दोष व्हावीत अशी अट घातली तर तो कोणासच कधी मिळणार नाही. उलट दरवर्षी एकमेकांचे तास मोजण्याची जबाबदारी अंगावर पडली, की पक्षपात करणाऱ्या पंचाला पुढच्या वर्षी आपलेही तास मोजले जाणार आहे, याचे भान आपोआप राहते. कायदेमंडळाने या दिशेने एक दुरुस्ती करून एखाद्या तालुक्यात तरी तिचा प्रयोग करून पाहावा.